बाप्तिस्म्यानंतरचे शिष्यत्व : पंडिता रमाबाई व नारायण वामन टिळक यांच्या चरित्रांतील एक प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ज्या सुशिक्षित व्यक्तींनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन बाप्तिस्म्याच्या तारखेपाशी येऊन थांबते. धर्मांतर का झाले, कोणाच्या उपदेशाने झाले, समाजात त्यामुळे केवढी खळबळ उडाली, ह्या प्रश्नांचा विस्ताराने ऊहापोह होतो; पण बाप्तिस्म्यानंतरची वीसतीस वर्षे त्या व्यक्तीने काय केले, तिची श्रद्धा वाढली की खुंटली आणि ती वाढ कोणत्या मापाने मोजावयाची, हे प्रश्न उपसंहाराच्या एकदोन परिच्छेदांत आटोपले जातात. ह्याला साधनांचे स्वरूपही काही अंशी कारणीभूत आहे. मिशनांच्या वार्षिक वृत्तांतांना संख्या हवी असे व संख्या बाप्तिस्म्याचीच असे. विरोधी वृत्तपत्रांनाही वादासाठी तोच एक दिवस पुरेसा होता. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावात झाला. त्यानंतर त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ ख्रिस्ती लेखक म्हणून घालविला. तरी त्यांच्या 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्राचा मुख्य भर धर्मांतरापर्यंतच्या मनोव्यापारावरच आहे. ग्रंथाचे नावच तसे आहे. अरुणोदयानंतरचा दिवस कसा गेला, हे ते नाव सांगत नाही.

वस्तुतः 'शिष्य' ह्या शब्दाच्या मराठी अर्थाकडे लक्ष दिले, तर हा क्रम उलटा व्हावयास हवा. वारकऱ्याने तुळशीची माळ घातली म्हणजे त्याची साधना संपत नाही. तेथून वारीचे, एकादशीचे व नामस्मरणाचे बंधन सुरू होते. नव्या करारातही 'शिष्य' हा शब्द मागे चालणाऱ्याला लावलेला आहे. म्हणजे दोन्ही परंपरांत दीक्षा हा उंबरठा मानला आहे. असे असता ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसापुढे एक अवघड प्रश्न उभा राही: आता मागे चालावयाचे ते कोणाच्या? ख्रिस्ताच्या, ज्या मंडळीत बाप्तिस्मा झाला तिच्या, की ज्या परदेशी उपदेशकाने तो दिला त्याच्या? उपदेशकाच्या दृष्टीने ह्या तिन्ही गोष्टी एकच होत्या. नवशिष्याला त्या एक वाटेनाशा झाल्या म्हणजे उपदेशक त्याच्या वाढीविषयी साशंक होई.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल, कारण तो त्यांच्या पत्रांत दिवसागणिक नोंदला गेला आहे. १८८३ च्या उन्हाळ्यात त्या इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात दाखल झाल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निघण्यापूर्वी पुण्यास त्यांचा ख्रिस्ती धर्माशी परिचय झालाच होता. त्यांच्या निर्णयावर ज्यांच्या युक्तिवादाचा प्रभाव पडला ते नेहेम्या गोरे हे स्वतः बाप्तिस्म्यानंतरच्या अस्वस्थतेचे एक उदाहरण होते. १८४८ मध्ये जौनपूर येथे ख्रिस्ती झालेल्या ह्या चित्पावन शास्त्र्याला पुढे आयुष्यभर शंकांनी सोडले नाही. इंग्लंडातील एका संन्यस्त संघात उमेदवारी करूनही त्यांनी अखेरचे व्रत घेतले नाही. शंका व निष्ठा एकाच अंतःकरणात दीर्घकाळ नांदू शकतात, हे गोऱ्यांच्या उदाहरणावरून कळते. वाँटेजच्या भगिनींना मात्र ते मान्य नव्हते.

रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात वादाचे विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडी घातलेला गोड पदार्थही त्यांना चालत नसे. सिस्टरांना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंनी तो आरोप खोडून काढण्याची धडपड केली नाही. आपले पूर्वग्रह सर्वस्वी गेलेले नाहीत हे त्यांनी काहीशा उपरोधाने मान्य केले, आणि आपला आहार आपण सोडणार नाही हेही सांगितले. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, ती आपल्याला संस्कृतात का चालू नयेत, असाही प्रश्न त्यांनी उपस्थित केला. लॅटिन आपल्या देशबांधवांना कळत नाही. मग न कळणाऱ्या भाषेतील मंत्र म्हणण्यात आणि ह्यात फरक तो कोणता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ज्यांनी बालपणापासून संस्कृत मुखोद्गत केले आणि तेच संस्कृत स्त्रियांना व शूद्रांना कसे नाकारले जाते हेही पाहिले, त्यांच्या तोंडी हा प्रश्न शोभतो.

पुढे वाद अध्यापनाकडे वळला. चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकत होत्या व शिकवीतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील अनुभवी धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यामुळे मायदेशी रमाबाईंचे वजन कमी होईल असे त्यांना वाटले. ही हरकत ऐकून रमाबाई चकित झाल्या. त्यांच्या आईने शिकवावे ह्याला वडिलांनी कधी आडकाठी केली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या पतीनेही केली नव्हती. आणि सभांतून पुरुषांपुढे त्या वर्षानुवर्षे बोलत आल्या होत्या. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना धर्मपीठापुढे जाब द्यावा लागला होता. त्यांच्या कन्येला आता दुसऱ्या धर्मपीठाच्या वतीने स्त्रीमर्यादेचा पाठ मिळत होता. हा विरोधाभास रमाबाईंच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नाही. १८८५ च्या वसंतातील पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिले की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियसच्या नावाने चालत आलेला मतांगीकार, ख्रिस्ताच्या जन्माविषयीचे मत ह्या सर्वांवर त्या प्रश्न करीत राहिल्या आणि बायबलात जे आढळेल ते आपण स्वतः वाचून ठरवू असा आग्रह त्यांनी धरला. मनोरमेला काय शिकवावे ह्यावरूनही खटके उडाले. मुलीने आपण हिंदुस्थानची लेक आहोत हे सांगताना संकोचू नये, एवढी तरी काळजी तिच्या शिक्षणात घेतली जावी असे आईचे म्हणणे होते.

सिस्टर जेराल्डीन ह्यांच्या दृष्टीने हा सारा अहंकार होता. त्यांच्या संप्रदायात आज्ञापालन हा आध्यात्मिक वाढीचा पहिला पुरावा मानला जात असल्यामुळे त्यांच्यावर दुष्टपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. नवदीक्षित इंग्रज कुमारिकेलाही त्यांनी हीच फूटपट्टी लावली असती. चेल्टनमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील ह्यांनी तिचा मर्यादितपणा ओळखला. रमाबाईंसारखी बुद्धी विचाराच्या वाटेनेच श्रद्धेपर्यंत पोहोचेल, तिला घाई करू नये, असे त्यांचे मत होते. परंतु अभ्यासकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा पत्रव्यवहार एकत्र करून जपला तो सिस्टर जेराल्डीन ह्यांनीच. त्यावर टिपणे लिहिली तीही त्यांनीच. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने हा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा टिपणांसह तो वाचकांच्या हाती आला. म्हणजे शिष्येच्या वाढीचे मुख्य दप्तर तिच्या परीक्षकाने मांडलेले आहे. ते वाचताना टिपणे बाजूला ठेवून केवळ पत्रे एकदा सलग वाचावीत. त्यांतील रमाबाई टिपणांतील रमाबाईंहून पुष्कळ निराळ्या आहेत.

येथवरचा वृत्तान्त आधुनिक वाचकाला आवडतो. वसाहतवादी धर्मसत्तेपुढे न वाकणारी स्वतंत्र स्त्री हे चित्र आजच्या रुचीला मानवणारे आहे, आणि अलीकडच्या बऱ्याच विवेचनांत रमाबाई तेथेच थांबविल्या जातात. अडचण अशी की, खुद्द रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षनिवेदनात त्यांनी असे प्रतिपादिले की, १८८३ साली आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो पुढे कित्येक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास मिळाला. विल्यम हॅसलम ह्या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक म्हणून काम करीत असतानाच आपले खरे परिवर्तन झाले, असे त्याने त्यात सांगितले आहे. ते वाचून रमाबाईंनी स्वतःची तपासणी केली आणि आपण बुद्धीने पटवून घेतलेल्या मतांवर उभ्या आहोत, असा निर्णय दिला.

हा निर्णय इतिहासकाराने जसाच्या तसा स्वीकारावा काय? त्या काळच्या इव्हँजेलिकल साक्षनिवेदनांचा एक ठरीव साचा होता. त्यात परिवर्तनाचा क्षण उजळून दिसावा म्हणून आधीचा काळ अंधारा रंगविला जाई. रमाबाईंनी त्याच साच्यात लिहिले. १८८५ ची पत्रे आणि १९०७ चे निवेदन समोरासमोर ठेवली म्हणजे दिसते ते असे की, मधल्या काळातही त्यांची श्रद्धा निश्चल नव्हती: ती वाचत होती, भांडत होती, प्रार्थना करीत होती. पण उलट बाजूने, १८९१ चा अनुभव म्हणजे मिशनच्या दडपणापुढे पत्करलेली माघार, असेही म्हणता येत नाही. त्या अनुभवानंतर त्या वाँटेजकडे परतल्या नाहीत, कोणत्याही एका चर्चच्या शिस्तीत पूर्णतः सामील झाल्या नाहीत. त्यांनी शरणागती पत्करली ती ख्रिस्तापुढे. धर्माधिकाऱ्यांविषयीची १८८५ ची भूमिका तशीच राहिली. पत्रांतील बंड आणि निवेदनातील शरणागती ह्या एकाच प्रश्नाच्या दोन अवस्था आहेत. कोणाच्या मागे चालावयाचे ह्याचे अर्धे उत्तर, म्हणजे कोणाच्या मागे चालावयाचे नाही हे, त्यांना आधी सापडले होते.

ह्या बदलाची किंमत मात्र सार्वजनिक होती आणि ती लगेच द्यावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले व पुढील वर्षी पुण्यास आलेले शारदासदन धार्मिक बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. कोणावर सक्ती नव्हती. परंतु ज्या संस्थेची प्रमुख इतक्या उत्कटतेने प्रार्थना करते तेथे तटस्थता कितपत टिकते, हा प्रश्न पुण्यातील पालकांनी विचारला, आणि तो गैरवाजवी होता असे म्हणता येणार नाही. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर ह्यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अनेक मुली काढून घेण्यात आल्या. आपल्या घरात आपण दार लावून प्रार्थना करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका तत्त्वतः निर्दोष होती. पण पुण्यातील सुधारकांशी जुळलेले त्यांचे संबंध त्या उघड्या दारामुळे संपुष्टात आले.

त्यानंतरचा केडगावचा काळ मोठा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून आणलेल्या मुलींनी मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. येथे रमाबाई स्वतः गुरुस्थानी आल्या. १९०५ च्या जूनमध्ये मुलींच्या प्रार्थनामेळाव्यांत पश्चात्ताप, अश्रू व उत्कट सामूहिक प्रार्थना ह्यांची लाट उसळली. शिस्तप्रिय पाहुण्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो दडपला नाही. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स ह्यांनी ह्या घटनेवर लिहिलेली पुस्तिका चिलीतील वालपरायसो येथे पोहोचली आणि तेथील १९०९ च्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली. केडगावच्या अनाथ मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेपर्यंत जावी, ही गोष्ट मराठी इतिहासग्रंथांत फारशी नोंदली गेलेली नाही. मात्र ह्या मुलींपैकी कोणी वाँटेजच्या रमाबाईंप्रमाणे प्रश्न विचारले काय, आणि विचारले असल्यास त्यांना काय उत्तर मिळाले, हे सांगणारा पत्रसंग्रह नाही.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांचे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी ते एकहाती केले. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून ते छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा मुद्रितांच्या तपासणीचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते. ह्या भाषांतरात संस्कृतप्रचुर धर्मपरिभाषा त्यांनी कटाक्षाने टाळली. काही शब्दांना वेदान्ताचा किंवा पुराणांचा वास येतो, आणि अडाणी बाईला ते कळतही नाहीत, ही दोन्ही कारणे होती. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी क्रुसावर संस्कृत अक्षरे मागितली त्यांनीच आता संस्कृत वर्ज्य केले. ह्यात विसंगती शोधणे सोपे आहे. पण वाचणाऱ्याला कळले पाहिजे, ही कसोटी दोन्ही वेळी एकच होती. बदलला तो वाचणारा. वाँटेजला त्यांच्या मनासमोर संस्कृत जाणणारे देशबांधव होते; केडगावला दुष्काळातून आलेली, नुकती अक्षरे लावू लागलेली मुलगी होती. परिणामी भाषा काही ठिकाणी ओबडधोबड झाली आहे, हेही खरे.

नारायण वामन टिळकांचा प्रवास नेमका विरुद्ध दिशेने झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो हिंदी पाळकाच्या हातून घेण्याचा आग्रह धरून. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे होते. मिशनच्या दृष्टीने हा वाढीचा सुरेख आलेख होता. टिळकांच्या दृष्टीने मात्र त्यात काहीतरी कोरडे राहिले होते. ते त्यांना तुकारामात सापडले. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पण काळाचा क्रम पाहता त्या सेतूचे महत्त्व त्यांना पलीकडे पोहोचल्यानंतर बऱ्याच वर्षांनी उमगले, असे म्हणावे लागते. अभंग, भजन व कीर्तन ही साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजविली; इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते म्हणणाऱ्या मंडळ्यांना स्वतःच्या भाषेचा सूर मिळाला. नगरला ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग त्यांच्यापूर्वीच झाले होते, ही गोष्ट टिळकचरित्रांत थोडी झाकली जाते. तरी त्या प्रयोगांना काव्याचे बळ टिळकांनीच दिले ह्यात संशय नाही.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य असावेत, अशी त्यांची योजना होती. मिशनरी मित्रांना ह्यातील संन्यास समजला. दुसरी गोष्ट पचविणे जड गेले. ज्या विधीमुळे टिळकांचे स्वतःचे घर मोडले, पत्नी-पुत्राची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली, त्याच विधीला त्यांनी शिष्यत्वाची अट मानण्याचे नाकारले. बाप्तिस्म्याची त्यांना किंमत नव्हती म्हणून हे घडले नाही. ती त्यांनी पुरेपूर मोजली होती. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. दरबार त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. त्यांच्यामागे तो त्या स्वरूपात टिकला नाही. तीन वर्षांनी जे. सी. विन्सलो ह्यांनी स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघात त्या कल्पनेचे काही पडसाद दिसतात. टिळकांचे इंग्रजी चरित्रही १९२३ मध्ये विन्सलोंनीच लिहिले.

ह्या दोन प्रसिद्ध नावांशेजारी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतले नाही, तर विषय अपुरा राहील. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात त्यांनी जे सांगितले आहे ते धर्मशास्त्राच्या भाषेत नाही, म्हणून अभ्यासक ते विनोदी आठवणींत जमा करतात. पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे, आपली चूल व आपले पाणी वेगळे ठेवले होते. राहुरीस असताना एकदा त्यांनी स्वतःशीच विचार केला: जात देवाने केली असती, तर माणसामाणसांच्या शरीरांत फरक दिसला असता. त्या विचारासरशी त्यांनी सोवळे टाकले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि आहाराचे नियम पाळले. लक्ष्मीबाईंनी नियम सोडले आणि मग बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन ह्यांच्या कोष्टकात ह्या दोघींना कोणती जागा मिळाली असती? नगर, जालना ह्या भागांतील महार व मांग समाजांतून जे हजारो लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्या बाबतीत तर प्रश्न ह्याहून निराळा होता. त्यांना सोडावयाचे सोवळे नव्हतेच. त्यांना मंडळीत उच्चवर्णीय ख्रिस्त्यांच्या शेजारी बसून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यावयाचे होते, आणि तेथे वाढीची परीक्षा त्यांच्यापेक्षा शेजाऱ्याची अधिक होती. त्यांच्या अंतर्जीवनाची साधने मंडळ्यांच्या दप्तरांत, कीर्तनांच्या वह्यांत आणि घराघरांतील आठवणींत शोधावी लागतील. पत्रसंग्रहांच्या आधारे हा भाग लिहिता येणार नाही.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र हाती घेतले होते. त्यांच्या हयातीत सुमारे अकराच अध्याय झाले. बालपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई पतीच्या निधनानंतर ते पुढे लिहू लागल्या आणि साठाहून अधिक अध्याय त्यांनी रचले. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. तो मुलगा देवदत्त ह्याने लिहिला.